सेवाव्यवस्थापन आणि संस्थारचना : कृष्णेच्या पूरसूचनेच्या आधारे एक विवेचन

विषयप्रवेश

संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या कारभाराचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या दोन परंपरा गेल्या चार दशकांत विकसित झाल्या आहेत. संस्थेचे कार्य, तिच्याजवळची माहिती, तिच्या संगणक-प्रणाली आणि तिची यंत्रसामग्री यांची परस्परांशी सुसंगत अशी मांडणी कशी असावी, हा पहिल्या परंपरेचा प्रश्न आहे. मांडणी कोणतीही असो, तिच्यापासून लोकांना जी सेवा अपेक्षित आहे ती ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रतीची अखंड कशी मिळत राहील, हा दुसरीचा प्रश्न होय. पहिलीस ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘संस्थारचना’ म्हटले आहे. दुसरीस ‘आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट’ हे नाव आहे. तिच्यासाठी ‘सेवाव्यवस्थापन’ हा शब्द योजिला आहे.

अभ्यासक्रमांत हे दोन विषय बहुधा निरनिराळे शिकविले जातात, त्यांच्या व्यावसायिक परीक्षा निरनिराळ्या असतात आणि मोठ्या कार्यालयांत त्यांचे काम पाहणारी माणसेही निरनिराळी असतात. त्यामुळे हे दोन विषय एकमेकांपासून अलिप्त आहेत, किंबहुना एक स्वीकारला असता दुसऱ्याची गरज उरत नाही, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. हा समज यथार्थ नाही, आणि तो कार्यालयाबाहेरच्या माणसासही महाग पडू शकतो, हे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू आहे. त्यासाठी कृष्णा नदीच्या पूरसूचनेचे उदाहरण घेतले आहे. सातारा जिल्ह्यातील डोंगरांत पडलेले पाणी सांगली जिल्ह्यातील घरांत शिरते. पाण्याच्या आधी बातमी पोचली तरच तिचा उपयोग. अनेक कार्यालये, अनेक यंत्रे आणि अत्यंत थोडा अवधी असे या प्रश्नाचे स्वरूप असल्यामुळे दोन्ही शास्त्रांची परीक्षा येथे चांगली होते.

दोन परंपरांचा उगम

संस्थारचनेच्या विचारास निश्चित रूप प्राप्त झाले ते १९८७ साली. त्या वर्षी जॉन झॅकमन यांनी ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. घर बांधताना मालकास हवे असणारे चित्र, वास्तुविशारदाचा आराखडा आणि बांधकाम करणाऱ्याचे तपशीलवार नकाशे ही एकाच वास्तूची निरनिराळी, पण परस्परांशी जुळणारी वर्णने असतात. माहिती-प्रणालीचेही तसेच आहे, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. पुढे १९९५ साली ‘ओपन ग्रूप’ या संस्थेने ‘टोगॅफ’ ही चौकट प्रसिद्ध केली. तिचा पाया अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आधी तयार केलेल्या एका चौकटीत होता. टोगॅफमध्ये संस्थेचे कार्य, माहिती, उपयोजन-प्रणाली आणि तंत्रसामग्री असे चार थर कल्पिले आहेत. प्राथमिक तयारीनंतर ‘ए’पासून ‘एच’पर्यंत आठ टप्प्यांचे एक आवर्तन सांगितले असून, त्यातील शेवटचा टप्पा रचनेत पुढे होणाऱ्या बदलांचे नियमन करण्याचा आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली ‘इंडिया’ या संक्षिप्त नावाने शासकीय कारभारासाठी अशीच एक चौकट पुढे मांडली.

सेवाव्यवस्थापनाचा उगमही शासकीय कारभारातच आहे. १९८०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश शासनाच्या सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी या कार्यालयाने संगणक-सेवा चालविण्याच्या उत्तम पद्धतींचा संग्रह करण्यास आरंभ केला. हाच संग्रह ‘आयटिल’ या नावाने प्रसिद्ध आहे. २००७ सालच्या आवृत्तीत त्याची मांडणी सेवेचे धोरण, संकल्पन, संक्रमण, परिचालन आणि निरंतर सुधारणा अशा पाच अवस्थांत केली गेली. २०१९ साली निघालेल्या चौथ्या पिढीत ३४ कार्यपद्धती सांगितल्या असून त्यांत ‘आर्किटेक्चर मॅनेजमेंट’ म्हणजे रचनेचे व्यवस्थापन ही एक आहे. एकीकडे टोगॅफ आपल्या शेवटच्या टप्प्यात चालू कारभाराकडे वळते, तर दुसरीकडे आयटिल आपल्या कार्यपद्धतींत रचनेस स्थान देते. याचा अर्थ, दोन्ही परंपरांना आपापल्या अपुरेपणाची जाणीव आहे.

महाराष्ट्रातील वाचकास हा भेद परिचित अशा एका क्षेत्रात पाहता येतो. जलसंपदा विभागात धरणाचे संकल्पन नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेसारख्या कार्यालयात होते. बांधकाम दुसऱ्या विभागाकडे असते. आणि कालवा वाहता झाल्यावर पाण्याची पाळी देण्याचे काम व्यवस्थापन विभागातील शाखा अभियंता, कालवा निरीक्षक आणि मोजणीदार यांच्याकडे येते. एखाद्या चारीचे तोंड मुळातच चुकीच्या पातळीवर ठेवले गेले असेल, तर शेवटच्या टोकाचा शेतकरी प्रत्येक पाळीस तक्रार करतो आणि कालवा निरीक्षक प्रत्येक पाळीस ती कशीबशी निवारतो. तक्रार निवारली जाते, पण दोष तसाच राहतो. उलटपक्षी, चारीचे संकल्पन निर्दोष असून तिच्यातील गाळ काढला जात नसेल, तर नकाशा उत्तम असूनही टोकास पाणी पोचत नाही. संगणक-प्रणालीच्या बाबतीत संस्थारचना आणि सेवाव्यवस्थापन यांचा संबंध याच प्रकारचा आहे.

नदी आणि माहितीचा प्रवास

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून वाईजवळच्या धोम धरणातून खाली येते. कण्हेर धरण जिच्यावर आहे ती वेण्णा, तसेच उरमोडी आणि तारळी या नद्या तिला सातारा जिल्ह्यातच मिळतात. कराड येथे प्रीतिसंगमावर कोयना मिळते. नंतर नदी सांगली जिल्ह्यात शिरते. ब्रह्मनाळजवळ येरळा आणि सांगलीलगत हरिपूर येथे वारणा तिला मिळते. त्याखाली नरसोबाच्या वाडीस पंचगंगेचा संगम आहे, आणि बऱ्याच अंतरावर कर्नाटकात अलमट्टीचे धरण आहे. या सर्वांत कोयना धरणाचे महत्त्व विशेष आहे. त्याची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे, आणि सांडव्यास सहा वक्र दरवाजे आहेत. वारणा नदीवरील चांदोलीच्या धरणाची क्षमता ३४.४० टीएमसी आहे.

सांगली शहरात पुराचे माप आयर्विन पुलाजवळ घेतले जाते. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी ४० फूट ही इशारापातळी आणि ४५ फूट ही धोकापातळी मानली जाते. २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तेथील पाणी ५० फुटांच्या वर गेले. २०१९ साली ते ५७ फुटांवर पोचले. त्या वर्षी ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, पुरातून माणसे बाहेर काढीत असता बोट उलटली आणि अनेक जणांचा मृत्यू झाला. आधी बाहेर पडण्यास पुरेसा अवधी मिळणे आणि ऐन पुरात बोटीने बाहेर पडावे लागणे यांत केवढे अंतर आहे, हे या घटनेवरून लक्षात येते.

पुराची माहिती वेळेवर मिळावी म्हणून राज्याच्या जलसंपदा विभागाने मोठा प्रयत्न केला आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००६ ते २०१४ या काळात चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा या खोऱ्यांसाठी तत्काल माहिती-संकलन आणि पूर-अंदाजाची प्रणाली उभारण्यात आली. पाऊस, नदीची पातळी आणि धरणातील पातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रे, त्यांच्याकडून दूरसंचारमार्गे पुण्यास येणारी मापे, आणि त्या मापांवरून पुढील प्रवाहाचा अंदाज बांधणारी ‘माइक’ ही डेन्मार्कमधील डीएचआय संस्थेची गणिती प्रतिमाने, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. याखेरीज भारतीय हवामान विभाग पावसाचा अंदाज देतो, केंद्रीय जल आयोग नदीच्या पातळ्या नोंदवितो, धरणावरील अभियंते विसर्गाचा निर्णय कळवितात, दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी आपत्ती निवारणाची सूत्रे हलवितात, आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका तसेच ग्रामपंचायती प्रत्यक्ष घरापर्यंत सूचना पोचवितात. डोंगरातील पर्जन्यमापकापासून नदीकाठच्या घरापर्यंतच्या या साखळीवर कोणाही एका कार्यालयाची सत्ता नाही.

संस्थारचनेचे कार्य

ज्या साखळीचा एकही मालक नाही तिचा सर्व बाजूंनी विचार करणे हे संस्थारचनेचे पहिले कार्य होय. टोगॅफच्या चार थरांपैकी माहितीचा थर या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे.

धरणातील साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगितला जातो. शासकीय अहवालांत तोच दशलक्ष घनमीटरमध्येही येतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर. धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदास इतके घनफूट असे मोजतात. केंद्रीय जल आयोग नदीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने, मीटरमध्ये देतो. सांगलीचा रहिवासी मात्र आयर्विन पुलाजवळचे फूट तेवढे जाणतो; किती फुटांस सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर किंवा कर्नाळ रस्ता या सखल भागांत पाणी येते याचे त्याचे गणित अनुभवाने पक्के झालेले असते. कोयनेतून १ लाख क्युसेक विसर्ग चालू आहे, हे वाक्य अभियंत्यास पुरेसे आहे. असा विसर्ग २४ तास चालला तर ८.६४ टीएमसी, म्हणजे धरणाच्या एकूण क्षमतेच्या सुमारे ८ टक्के पाणी नदीत उतरते, हा हिशेबही तो करू शकतो. पण पुलाजवळची पातळी उद्या किती फूट होईल, या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. ते मिळण्यासाठी विसर्ग, मधल्या नद्यांचे पाणी, त्या पट्ट्यातील पाऊस आणि पुलाजवळील नदीपात्राचे मोजमाप यांचा मेळ घालावा लागतो. कोणते माप कोणत्या मापात, कोणाच्या जबाबदारीवर आणि कोणत्या ठिकाणी रूपांतरित व्हावयाचे हे आधी ठरविणे, यासच माहितीची रचना म्हणतात.

शब्दांच्या व्याख्येचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कोयना धरणातील पाण्याचा मोठा भाग बोगद्यांवाटे पश्चिमेस पोफळीच्या वीजगृहांकडे जातो आणि वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरतो. ते पाणी सांगलीस येत नाही. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेले पाणी मात्र कोयना नदीतच येते, आणि दरवाज्यांतून सोडलेलेही तेथेच येते. म्हणजे ‘कोयनेचा विसर्ग’ हा एकच शब्द तीन वाटांनी जाणाऱ्या पाण्यास लागू शकतो, आणि त्यांपैकी दोनच वाटा सांगलीच्या दृष्टीने विचारात घ्यावयाच्या असतात. धरणावर काम करणाऱ्यास हा भेद सांगावा लागत नाही. परंतु तीच संख्या दुसऱ्या कार्यालयातील संगणकात एका रकान्यात जाऊन बसली, की तिचा अर्थ त्या रकान्याच्या नावावरच अवलंबून राहतो. रचनाकाराने हा रकाना नीट निश्चित केला नाही, तर पुढील प्रत्येक गणित संशयास्पद होते.

कार्याच्या थरात जबाबदारीचा प्रश्न येतो. विसर्ग वाढविण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा हे धरणाच्या नियमावलीत असते. परंतु तो निर्णय झाल्याबरोबर कोणकोणास, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत कळवावयाचे हे अनेक संस्थांच्या सीमा ओलांडून ठरवावे लागते. उपयोजनाच्या थरात एका प्रणालीने दुसरीस माहिती कशी द्यावी हे येते. तंत्रसामग्रीच्या थरात वीज, दूरसंचार आणि पर्यायी मार्ग यांचा विचार होतो. चारही थर एकाच आराखड्यात पाहिले, तर मधली रिकामी जागा दिसते. निरनिराळे पाहिले, तर प्रत्येक कार्यालयाचा आराखडा पूर्ण भासतो आणि दोन कार्यालयांच्या मधली जागा कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

सेवाव्यवस्थापनाचे कार्य

आराखडा कितीही निर्दोष असला, तरी तो पावसाळ्यातील रात्री दोन वाजता डोंगरातील केंद्राची विजेरी बदलीत नाही. सेवाव्यवस्थापनाचा प्रांत येथून सुरू होतो. या शास्त्राचा आग्रह असा की, प्रथम सेवेची व्याख्या ती घेणाऱ्याच्या बाजूने करावी. ‘९५ केंद्रे चालू आहेत’ किंवा ‘प्रणाली कार्यरत आहे’ हे यंत्रसामग्रीचे वर्णन झाले. भिलवडी किंवा अंकलखोप येथील दूधव्यवसाय करणाऱ्या कुटुंबास दुभती जनावरे सोडून, वैरण गाडीत भरून, उंच जागी जाण्यास पुरेल इतक्या तासांआधी, त्यास समजेल अशा शब्दांत आणि विश्वास बसेल इतक्या अचूकतेने सूचना मिळणे, ही सेवा होय. एका म्हशीस हलविण्यास लागणारा वेळ आणि एका माणसास लागणारा वेळ सारखा नसतो. म्हणून सेवेची पातळी ठरविताना शहरातील प्रभाग आणि गावातील गोठा यांचा निरनिराळा विचार करावा लागतो. आयटिलमध्ये ज्यास सेवापातळीचा करार म्हणतात त्याचे मर्म एवढेच आहे.

सेवाव्यवस्थापनातील दुसरा उपयुक्त भेद ‘इन्सिडेंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ यांचा, म्हणजे घटना आणि मूळ दोष यांचा आहे. समजा, एका पर्जन्यमापक केंद्राकडून माहिती येणे थांबले. ती पुन्हा सुरू करणे, किंवा तोवर दूरध्वनीवरून माप मागवून काम चालविणे, हे घटनेचे निवारण झाले. त्यात वेग महत्त्वाचा. तेच केंद्र दर पावसाळ्यात जुलैमध्येच का बंद पडते, याचा शोध हे दोषाचे निवारण होय; त्यात वेगापेक्षा चिकाटी महत्त्वाची. दाट धुके आणि सतत ढगाळ हवा यांमुळे सौरपट्टीस पुरेसे ऊन मिळत नाही, असे त्याचे कारण निघू शकेल. ज्या दिवसांत मापाची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत त्या केंद्राची शक्ती सर्वांत कमी, हे मग ध्यानात येईल. असे कारण घटनांच्या नोंदी वर्षानुवर्षे जपून ठेवल्या तरच सापडते. पुरेशा नोंदी नसतील तर प्रत्येक जुलै नवा वाटतो.

तिसरी बाब बदलाच्या नियमनाची. एखाद्या केंद्रातील मापकयंत्र बदलले आणि नव्या यंत्राची शून्यपातळी जुन्याहून भिन्न निघाली, तर यंत्र बिनचूक असूनही नदीची नोंद चुकते. हा बदल ज्या नोंदवहीत जावयास हवा ती घटकांची नोंदवही, म्हणजे कोणते यंत्र कोठे आहे, केव्हा बसविले, त्याची शून्यपातळी काय, त्याची माहिती कोणती प्रणाली वापरते याची सूची, सेवाव्यवस्थापनात पायाभूत मानली जाते.

चौथी बाब सातत्याची. महापुरात वीज बंद पडते, दूरसंचाराचे मनोरे मुके होतात आणि रस्ते तुटतात. ज्या घटनेसाठी सेवा आहे तीच घटना सेवेचा आधार काढून घेते. यास्तव धरणावरचा भोंगा, ग्रामपंचायतीची दवंडी आणि बिनतारी संदेश ही जुनी साधने टाकून देण्याजोगी नाहीत. सातत्याच्या योजनेत त्यांना अधिकृत स्थान हवे.

परस्परपूरकता कोठे दिसते

वरील दोन विभागांत एकाच साखळीचा विचार दोन बाजूंनी झाला. आता दोन्ही शास्त्रांचे सांधे कोठे आहेत ते पाहू जाता तीन स्थाने प्रामुख्याने दिसतात.

पहिले स्थान नोंदवहीचे. रचनाकार आराखड्यात ‘नदीपातळी-मापन केंद्र’ असा एक प्रकार काढतो. सेवाव्यवस्थापक आपल्या सूचीत प्रत्यक्ष यंत्रे नोंदवितो. दोहोंची नावे आणि क्रमांक जुळत असतील, तर एक यंत्र बंद पडताच कोणत्या अंदाजावर आणि कोणत्या गावांच्या सूचनेवर परिणाम होईल हे तत्काळ सांगता येते. ती जुळत नसतील, तर आराखडा भिंतीवरच राहतो आणि सूची भांडारपालाच्या कपाटात. अशा स्थितीत यंत्र बंद पडल्याची बातमी असते, पण तिचे महत्त्व कोणास कळत नाही.

दुसरे स्थान बदलाचे. शून्यपातळी बदलणे हा वरकरणी लहानसा बदल आहे आणि तो सेवाव्यवस्थापकाच्या अधिकारातला आहे. तथापि त्याचा परिणाम गणिती प्रतिमानावर, तेथून जिल्हा कार्यालयाच्या निर्णयावर आणि शेवटी पुलाजवळच्या फुटांच्या अंदाजावर होतो. कोणता बदल स्थानिक समजावा आणि कोणता संपूर्ण रचनेस स्पर्श करणारा समजावा, हे सांगण्यास आराखडा लागतो. उलट, रचनाकाराने सुचविलेला मोठा बदल ऐन पावसाळ्यात अमलात आणू नये, हे सांगण्यास परिचालनाचा अनुभव लागतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे स्थान दोषांच्या परतीच्या प्रवासाचे. सेवाव्यवस्थापनाने शोधलेल्या मूळ दोषांपैकी काही दुरुस्तीने जातात, काही मात्र रचनेचेच असतात. एखाद्या उपनदीच्या मोठ्या पट्ट्यात मापकच नाही, किंवा दोन राज्यांच्या प्रणालींत माहितीची नियमित देवाणघेवाण नाही, अशा प्रकारचा दोष कोणत्याही तंत्रज्ञास यंत्र उघडून काढता येणार नाही. अलमट्टीतील पातळी आणि विसर्ग यांविषयी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात पावसाळ्यात जो विचारविनिमय चालतो, तो किती प्रमाणात अधिकाऱ्यांच्या परस्पर संपर्कावर अवलंबून ठेवावा आणि किती प्रमाणात प्रणालींच्या नियमित संवादावर, हा शुद्ध रचनेचा प्रश्न आहे. पण तो किती निकडीचा आहे हे रचनाकारास परिचालनाच्या नोंदींवाचून कळणार नाही. टोगॅफचा शेवटचा टप्पा आणि आयटिलमधील निरंतर सुधारणा यांची गाठ येथे पडते. किंवा पडावयास हवी.

ही गाठ केव्हा घालावी, याचे उत्तर कृष्णेच्या खोऱ्यात ऋतूच देतो. पावसाळ्याचे चार महिने परिचालनाचे असतात; त्या काळात रचनेत हात घालण्यास सवड नसते आणि तसे करणे हिताचेही नसते. उरलेले आठ महिने ही सेवा बहुतांशी निद्रिस्त असते. संगणक-सेवेच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा वर्षभर सारखी चालणारी बँक किंवा दूरध्वनी कंपनी डोळ्यांसमोर असते. पूरसूचनेची सेवा तशी नाही. निद्रेच्या काळात तिची यंत्रे झिजतात, माणसे बदलतात आणि आठवणी पुसट होतात. म्हणून पाणी ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास घटनांच्या नोंदी एकत्र करणे, हिवाळ्यात त्यांतील रचनेचे दोष निराळे काढून आराखडा सुधारणे, उन्हाळ्यात ते बदल अमलात आणणे आणि मेअखेर संपूर्ण साखळीची रंगीत तालीम घेणे, असे वार्षिक आवर्तन दोन्ही शास्त्रांस सोयीचे आहे. २०१९च्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मोठ्या आपत्तीनंतर अशी चौकशी आवश्यकच असते; परंतु जे शोधन आपत्तीनंतर समितीकडून करून घ्यावे लागते, त्याचा काही भाग दरवर्षी नित्यक्रमाने होत राहिला तर समितीचे काम सोपे होईल आणि आपत्तीची तीव्रताही काही अंशी घटेल.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, या दोन्ही चौकटी अवाढव्य असून जिल्हा पातळीवरील कार्यालयांना त्यांचा भार सोसणार नाही. त्यातून केवळ कागद वाढेल. या आक्षेपात तथ्य आहे. टोगॅफचे प्रत्येक पत्रक आणि आयटिलच्या ३४ कार्यपद्धती जशाच्या तशा स्वीकारण्याचा आग्रह धरणे हे चौकटीच्या हेतूशीच विसंगत होईल. दोन्ही चौकटी आपल्या गरजेनुसार काटछाट करावी असेच सांगतात. पूरसूचनेच्या साखळीस एक सामायिक शब्दकोश, घटकांची एक नोंदवही, बदलाची एक पद्धत आणि वर्षअखेरीचा एक आढावा एवढे मिळाले, तरी आरंभास पुरे आहे. या चारही गोष्टी साध्या वहीवर चालविता येतील. अवघड आहे ते निरनिराळ्या कार्यालयांनी एकच वही मान्य करणे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पूर येतो तो पावसाने, धरणाच्या परिचालनाने आणि नदीपात्रातील अडथळ्यांनी; संगणकाची रचना सुधारून पाणी कमी होत नाही. हे निर्विवाद आहे. निळ्या आणि लाल पूररेषांच्या आत होणारी बांधकामे कोणतीही माहिती-प्रणाली थांबवू शकत नाही. सूचनेचे कार्य मर्यादित आहे: उपलब्ध काळाचा पूर्ण उपयोग करून देणे. मात्र ही मर्यादा मान्य केल्यावर त्या कार्यात ढिलाई चालणार नाही, हेही ओघानेच येते. जी गोष्ट मनुष्याच्या हाती थोडीच आहे ती तरी पूर्ण हाती असावी.

समारोप

संस्थारचना ही साखळीच्या सर्व कड्या एकत्र दाखविते, आणि सेवाव्यवस्थापन प्रत्येक कडी वेळेवर काम करील याची काळजी वाहते. पहिलीशिवाय दुसरे त्याच त्या दोषांची दरसाल डागडुजी करीत राहते. दुसऱ्याशिवाय पहिली प्रत्यक्षापासून दूर जात राहते. सामायिक नोंदवही, बदलाचे नियमन आणि दोषांचा रचनेकडे परतीचा प्रवास या तीन स्थानी त्यांचा सांधा आहे. त्यांपैकी तिसऱ्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होण्याचा संभव असतो, कारण ते काम पाणी ओसरल्यावर करावयाचे असते आणि पाणी ओसरल्यावर निकड वाटेनाशी होते.

धरणांच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याने सोडविला आहे. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यान्वये पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करणे बंधनकारक आहे. धरणाची भिंत जशी दोनदा तपासली जाते, तद्वत धरणापासून घरापर्यंत जाणारी बातमीची वाटही दोनदा तपासली जावी. आणि त्या तपासणीस आराखडा करणारे व सेवा चालविणारे हे दोघेही एकत्र उपस्थित असावेत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र, भूगोल आणि स्थापत्य अभियांत्रिकी विभागांना या कामी अभ्यासाचे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. एखाद्या गावापर्यंत गेल्या पावसाळ्यात सूचना कोणत्या वाटेने, किती वेळात आणि कोणत्या शब्दांत पोचली, याची नोंद करण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.